रात्रीचे वादळ आधी कसे कळते?

वळवाचा पाऊस आपल्याला नवा नाही. चैत्र-वैशाखात दिवसभर ऊन तापते. दुपार कलली की कुठेतरी ढग उभे राहतात. वारा सुटतो, धूळ उठते, वीज कडाडते, चार टपोरे थेंब पडतात आणि तासाभरात सगळे शांत होते. असे वादळ दिवसा आले तर माणूस सावध होतो. डोळ्यांना ढग दिसतो. शेतातला माणूस घराकडे निघतो, बाई वाळवण उचलते, शेळ्यासुद्धा आपण होऊन गोठ्याकडे वळतात.

रात्रीच्या वादळाचे तसे नाही. अंधारात ढग दिसत नाही. माणसे झोपलेली असतात. उकाड्यामुळे कोणी अंगणात, कोणी माळवदावर, कोणी कांद्याच्या राखणीला शेतात. पत्रा उडतो तेव्हाच जाग येते. तेव्हा जाग येऊन काय उपयोग? म्हणून रात्रीच्या वादळाची बातमी झोपण्याआधी हाती यायला हवी. ती येते का? बहुतेक वेळा येते. पण ती वाचावी कशी, हे कळले पाहिजे. ते या धड्यात सांगायचे आहे.

९ एप्रिल २०२३ ची गोष्ट घ्या. अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यात, पारस नावाचे गाव आहे. तिथे बाबूजी महाराजांचे संस्थान आहे. रविवार होता. आरतीला माणसे जमली होती. दिवस मावळताना वादळी पाऊस सुरू झाला. माणसे आडोसा म्हणून पत्र्याच्या शेडखाली गेली. शेजारी कडुलिंबाचे जुने, मोठे झाड होते. वाऱ्याने ते उन्मळले आणि शेडवर पडले. सात माणसे गेली. कितीतरी जखमी झाली. ती माणसे काही उघड्यावर उभी नव्हती. आडोसा शोधूनच उभी राहिली होती.

त्याच्या पाच वर्षे आधी, २ मे २०१८ च्या रात्री, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात धुळीचे व विजांचे मोठे वादळ आले. भरतपूर, धोलपूर, आग्रा या भागांत शंभरावर माणसे दगावली. बरीचशी घरात झोपलेली होती. भिंती आणि छपरे अंगावर आली.

या दोन्ही ठिकाणी माणसे मेली ती पावसाने नव्हे, वाऱ्याने. हे आधी ध्यानात घ्या. आपण ढग पाहिला की पाऊस किती पडेल एवढेच विचारतो. वारा किती सुटेल, असे फारसे कोणी विचारत नाही.

ढगातून वारा खाली येतो

मार्च महिन्यापासून आपली दख्खनची जमीन तापू लागते. जमिनीला टेकलेली हवा तापते, हलकी होते आणि वर चढते. चुलीवरचा धूर वर जातो तसेच हे. पण नुसत्या तापलेल्या हवेने ढग होत नाही. ओल लागते. ती ओल बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे आणतात. उलट बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून व वायव्येकडून, कोरडे वारे येतात. हे दोन वारे पुष्कळदा विदर्भ, मराठवाडा आणि कर्नाटक या पट्ट्यात एकमेकांना भिडतात. हवामानाच्या बातमीत 'विदर्भापासून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे' असे वाक्य ऐकले असेल. ते हेच. जिथे वारे भिडतात तिथे हवेला वर जाण्यावाचून वाट राहत नाही.

ओली हवा वर गेली की गार होते. तिच्यातली वाफ पाण्याचे कण होऊन दिसू लागते. तोच ढग. वादळी ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. एव्हरेस्ट शिखर नऊ किलोमीटरसुद्धा उंच नाही, यावरून अंदाज करा. इतक्या उंचीवर कडाक्याची थंडी असते. गारा तिथेच तयार होतात.

आता महत्त्वाची गोष्ट. ढगातून पाऊस पडू लागला की तो खालच्या कोरड्या हवेतून येतो. येताना त्यातले पुष्कळ पाणी वाटेतच सुकते. पाणी सुकताना उष्णता ओढून घेते. उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, बाहेरचे पाणी सुकते आणि सुकताना आतली उष्णता नेते. तसेच आकाशात होते. ढगाखालची हवा गार पडते. गार हवा जड. ती धाडकन खाली कोसळते. जमीन आड आल्यामुळे तिला खाली जाता येत नाही. मग ती चहूकडे पसरते. भरलेली घागर ओट्यावर ओतली की पाणी जसे सगळीकडे धावते तशी. हाच तो सोसाट्याचा वारा. म्हणून पावसाच्या आधी वारा येतो, आणि तो गार असतो. दिवसभराच्या उकाड्यात एकाएकी गार झुळूक लागली की माणूस म्हणतो, "बरे वाटले." खरे तर वादळाचा दूत दारात आलेला असतो.

आपला आष्टी तालुका कमी पावसाचा, कोरड्या हवेचा. हवा जितकी कोरडी तितके पाणी वाटेत जास्त सुकते आणि हवा तितकी जास्त गार पडते. म्हणून आपल्याकडे पुष्कळदा पाऊस चार थेंब आणि वारा मात्र छप्पर नेणारा, असा प्रकार होतो. 'पाऊस तर आलाच नाही, मग वादळ कसले?' असे म्हणू नये.

या वाऱ्याचा शोध घेणारा शास्त्रज्ञ जपानी होता. त्याचे नाव तेत्सुया फुजिता. १९४५ साली नागासाकीवर अणुबाँब पडला. त्यानंतर फुजिता तिथे पाहणी करायला गेला. बाँबच्या खाली झाडे एका जागेपासून चारी दिशांना, बाहेरच्या बाजूला आडवी झालेली त्याने पाहिली. पुढे तो अमेरिकेत गेला. तिथे वादळानंतरही काही ठिकाणी झाडे अशीच पडलेली त्याला दिसली. मग त्याने सांगितले की इथे वारा वरून आदळला आणि चहूकडे पसरला. १९७५ साली न्यूयॉर्कला उतरताना एक विमान कोसळले. तेही अशाच वाऱ्याने, हे त्याने दाखवून दिले. तुम्हीही हे पाहू शकता. वादळानंतर बाजरी नाहीतर ऊस आडवा झाला असेल, तर कोणत्या दिशेला झोपला आहे ते बघा. एका जागेपासून बाहेर झोपला असेल तर वारा तिथे वरून आदळला. पिळवटून वेडावाकडा पडला असेल तर ती वावटळ.

पण रात्री का?

ऊन गेले की जमीन निवते. खालून मिळणारी उष्णता बंद होते. त्यामुळे दुपारचे बहुतेक ढग दिवस मावळला की विरून जातात. मग मध्यरात्री वादळ कुठून येते?

नांगराचा फाळ आठवा. फाळ मातीखाली शिरतो आणि तिला वर उचलतो. ढगातून आलेला गार, जड वारा जमिनीलगत पुढे सरकतो आणि समोरच्या उबदार, ओल्या हवेखाली तसाच शिरतो. ती हवा उचलली जाते आणि तिचा नवा ढग होतो. जुना ढग मागे संपतो, नवा पुढे उभा राहतो. नव्यातून पुन्हा गार वारा, पुन्हा पुढे नवा ढग. असे वादळ चालत राहते. त्याला उन्हाची गरज उरत नाही. वाटेत ओल मिळत गेली म्हणजे झाले. असे वादळ ताशी तीस-चाळीस किलोमीटर सहज चालते. म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर संध्याकाळी सहाला उठलेला ढग आपल्या गावावर नऊ-दहाला येऊ शकतो. तेव्हा आपले आकाश चांदण्यांनी भरलेले असते. म्हणून झोपताना डोक्यावर चांदणे आहे, एवढ्यावर भरवसा ठेवू नये.

कधी असे अनेक ढग एका रांगेत येतात. ही रांग मधोमध पुढे वाकली, धनुष्यासारखी झाली, की त्या वाकलेल्या भागात वारा सर्वांत जोराचा असतो. हवामान खात्याची माणसे अशा धनुष्याकडे फार लक्ष ठेवतात.

वर्षात अशा रात्री दोनदा येतात. एकदा मार्चपासून रोहिणी-मृगापर्यंत. दुसऱ्यांदा उत्तरा-हस्ताच्या सुमारास, पाऊस परतताना. परतीच्या वेळी हवेत ओल भरपूर असते, म्हणून वाऱ्याबरोबर पाणीही फार येते. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यात अतिवृष्टीने नद्यांना पूर आले आणि अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, हे अजून कोणी विसरले नसेल.

हवामान खात्याला हे कसे समजते?

भारताचे हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. त्याचे मुख्य कार्यालय पूर्वी सिमल्याला होते. १९२८ साली ते पुण्यास आले. पुण्यातल्या त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिस चौक म्हणतात. पुढे मुख्य कार्यालय दिल्लीला गेले, पण पुण्याचे काम चालूच राहिले. आपल्या बीड जिल्ह्याचे इशारे मुंबईच्या केंद्रातून निघतात.

खाते पहिल्याने काय करते? फुगा सोडते. हसू नका. मोठा, हलक्या वायूने भरलेला फुगा असतो. त्याला एक लहान पेटी टांगलेली असते. फुगा तीस किलोमीटरपर्यंत वर जातो आणि पेटी वाटेतली उष्णता, ओल व वारा यांची खबर बिनतारी यंत्राने खाली पाठवते. जगभर हे फुगे एकाच वेळी वर जातात. आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच यांच्या सुमारास. पहाटेचा फुगा दिवसाचा रंग सांगतो. संध्याकाळचा फुगा रात्रीचा सांगतो. खाली ओल किती, वर कोरडी हवा किती, उंचावर वारा किती जोराचा, हे त्यावरून कळते. खाली ओल, मध्ये कोरडी हवा आणि वर जोराचा वारा असे तिन्ही जुळले की कार्यालयातला माणूस सावरून बसतो.

दुसरे साधन म्हणजे उपग्रह. इन्सॅट ३डीआर हा २०१६ साली आणि इन्सॅट ३डीएस हा फेब्रुवारी २०२४ मध्ये आकाशात सोडला. ते छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून सतत आपल्याकडे पाहतात. रात्री अंधारात त्यांना ढग कसा दिसतो? ते उजेड पाहत नाहीत, ऊब पाहतात. ढगाचे डोके जितके उंच तितके थंड. चित्रात फार थंड ठिपका दिसला आणि तो वाढत चालला, की वादळ वाढते आहे असे समजते.

तिसरे साधन रडार. रडार बिनतारी लहरी सोडते. त्या पावसाच्या थेंबांवर व गारांवर आपटून परत येतात. किती वेळाने आल्या यावरून अंतर कळते. किती जोरात आल्या यावरून पाऊस किती दाट ते कळते. आणि ढगातला वारा जवळ येतो आहे की दूर जातो आहे, तेही कळते. हे कसे? आता आपल्या आष्टीला रेल्वे आली आहे. नगर ते आष्टी मार्ग २०२२ साली सुरू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो बीडपर्यंत गेला. रुळाजवळ उभे राहून गाडीची शिटी ऐका. गाडी जवळ येताना शिटी बारीक, चढ्या आवाजाची लागते. पुढे निघून गेली की तीच शिटी जाड, उतरलेली लागते. गाडीचे येणे-जाणे आवाजावरून कळले ना? रडारही परत आलेल्या लहरीवरून असेच ओळखते.

पण रडारला एक अडचण आहे. पृथ्वी गोल आहे आणि लहर सरळ जाते. म्हणून लांब गेलेली लहर जमिनीपासून उंच उंच जाते. मुंबई आष्टीपासून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. तिथली लहर आपल्या डोक्यावरून पाच-सहा किलोमीटर उंचावरून जाते. तिला ढगाचे धड दिसते, पण आपल्या अंगणातला वारा दिसत नाही. म्हणून लांबच्या गावाचा वारा किती, हे खात्याला ढगाच्या वागण्यावरून ताडावे लागते.

चौथे साधन विजेचे. वीज चमकली की तिच्यातून बिनतारी लहरीही निघतात. देशभर बसवलेली यंत्रे त्या पकडतात आणि वीज कुठे पडली ते ठरवतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने यावरून 'दामिनी' नावाचे मोबाईलचे साधन केले आहे. आपण आहोत तिथून वीस ते चाळीस किलोमीटरच्या आत विजा होत असतील तर ते सांगते. फुकट आहे. घरात कोणाकडे तसा फोन असेल तर त्यात ते घालून घ्यावे.

एवढी साधने आहेत, मग 'तुमच्या गावात रात्री एक वाजता वादळ येणार' असे आदल्या दिवशी का सांगत नाहीत? असे आम्हांला पुष्कळांनी विचारले आहे. ज्वारीच्या लाह्या फोडताना बघा. कढई तापली की लाह्या फुटणार हे नक्की. किती फुटतील याचाही अंदाज येतो. पण पहिला दाणा कोणता फुटेल, हे कोणतीही सुगरण सांगू शकत नाही. ढगांचे तेच आहे. कढई तापली आहे, म्हणजे जिल्ह्यात आज वादळे होतील, हे एक-दोन दिवस आधी सांगता येते. दाणा कोणता, म्हणजे गाव कोणते, हे ढग उभा राहिल्यावर दोन-तीन तास आधीच कळते. म्हणून इशारे दोन प्रकारचे असतात. एक दिवसाचा, एक तीन तासांचा. रात्रीची पंचाईत अशी की तीन तासांचा इशारा आपण झोपेत असताना येतो.

इशारा वाचा

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. हे वाक्य सावकाश वाचा. इशाऱ्यात असाच मजकूर असतो.

'बीड जिल्ह्यात पुढील ३ तासांत तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलका ते मध्यम पाऊस पडण्याची शक्यता आहे.'

यातला 'तुरळक ठिकाणी' हा शब्द धरा. जिल्ह्यात पाऊस मोजण्याच्या शंभर जागा धरल्या, तर त्यांतल्या पंचवीस किंवा त्याहून कमी जागी, असा त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नासपर्यंत. एकदा एक आजोबा आम्हांला म्हणाले, "गुरुजी, काल मोबाईलवर वादळ आले, गावात काही आले नाही. हे सगळे खोटे." आम्ही म्हणालो, "आजोबा, शेजारच्या गावी आले का?" ते म्हणाले, "तिथे तर पत्रे उडाले की!" म्हणजे इशारा खरा होता. तो जिल्ह्याचा होता, आजोबांच्या एका गावाचा नव्हता. चारातले तीन वेळा आपण सुटणार, हे त्या शब्दातच लिहिलेले आहे. चौथ्या वेळेसाठी तयारी असावी.

मग वाऱ्याचा वेग. ताशी चाळीस-पन्नास म्हणजे मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरवत नाही. पन्नास-साठला पूर्ण झाड डोलते, वाऱ्यासमोर चालणे जड जाते. पाऊणशेच्या पुढे कौले आणि कच्चे पत्रे निघतात. नव्वद-शंभरला झाडे मुळासकट पडतात. यात एक हिशेब आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. चाळीसच्या वाऱ्यात टिकलेले छप्पर ऐंशीच्या वाऱ्यात टिकेलच असे नाही.

रंगही दिलेले असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता हाला, वाट बघू नका. आमच्या मते रात्रीपुरता पिवळ्याला नारिंगी समजावे. दिवसा लक्ष ठेवता येते. झोपलेला माणूस लक्ष कसे ठेवणार?

वेळ नीट बघा. सरकारी कागदात २२:०० लिहिले असेल तर ते रात्रीचे दहा. बारापेक्षा मोठ्या आकड्यातून बारा वजा करा. तारीखही बघा. मोबाईलवर जुने इशारे नव्यासारखे फिरत असतात. ज्याच्यावर तारीख आणि वेळ नाही तो पुढे पाठवू नये.

दिवसाच्या इशाऱ्यात आणखी एक खोच आहे आणि ती रात्रीलाच बाधते. आपला दिवस उजाडण्याबरोबर सुरू होतो. घड्याळाचा मध्यरात्री सुरू होतो. हवामान खात्याचा दिवस मात्र सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. पाऊसही त्याच वेळी मोजतात. म्हणजे १२ तारखेच्या रंगात १२ आणि १३ यांमधली पूर्ण रात्र येते. रात्री बारानंतर काय होईल ते पाहायला पुष्कळजण १३ चा रंग बघतात. तो हिरवा दिसला की निश्चिंत झोपतात. बघायला पाहिजे १२ चा.

आणि आष्टीकरांनी एकाच जिल्ह्याचा रंग बघून भागत नाही. आपण बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. उत्तरेला पाथर्डी, पश्चिमेला नगर व कर्जत, दक्षिणेच्या अंगाला जामखेड. तिन्हीकडून नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर. बीड मराठवाड्यात मोडतो, नगर मध्य महाराष्ट्रात. कागदावर दोन वेगळ्या रकान्यांत. ढगाला हा रकाना माहीत नाही. कड्याच्या माणसाने बीडचा आणि अहिल्यानगरचा, दोन्ही रंग बघावेत. दोहोंतला जो वरचा असेल तो आपला समजावा.

फोन नसेल किंवा बंद पडला असेल तर डोळे आणि कान आहेतच. रात्री क्षितिजावर आवाजाशिवाय वीज लकाकते. ती शंभर किलोमीटर लांबचीही असू शकते. तासाभराने त्याच बाजूला ती जास्त उंच, जास्त लख्ख दिसू लागली तर ती आपल्याकडे येते आहे. मग मोजा. वीज चमकली की एक, दोन, तीन असे सावकाश मोजायला लागा आणि गडगडाट ऐकू आला की थांबा. तीन म्हणजे एक किलोमीटर. तीस म्हणजे दहा. तिसाच्या आत आवाज आला की उघड्यावर थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

संध्याकाळी काय करायचे?

आम्हांला सर्वांत भीती वाटते ती पत्र्यावरच्या दगडांची. गावोगाव पत्रा उडू नये म्हणून त्यावर मोठे दगड ठेवतात. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा तो पत्र्याला नुसता ढकलत नाही, वर ओढतो. दारातून, खिडकीतून आत शिरलेला वारा खालून रेटतो. पत्रा उचलला की दगड घसरतो आणि खाली झोपलेल्याच्या अंगावर पडतो. दगड जितका मोठा तितका घात मोठा. पत्रा खालच्या वाशाला किंवा लोखंडी अँगलला हूक आणि नटाने आवळावा. कडेची ओळ जाड तारेने बांधावी, कारण पत्रा कडेपासूनच उसवतो. पैशाची अडचण असेल तर निदान कडेची ओळ तरी आवळा. वजन ठेवायचेच तर वाळूने अर्धी भरलेली पोती ठेवा. पोते बसते, घरंगळत नाही. आणि जोपर्यंत दगड वर आहेत तोपर्यंत इशाऱ्याच्या रात्री त्यांच्या खाली खाट टाकू नका. लेकरांची तर मुळीच नाही.

जनावरे झाडाखाली बांधू नका. चिंच असो की लिंब. पारसची गोष्ट वर सांगितलीच आहे. रात्री वीज पंपाच्या तारेवरून आत येऊ शकते, म्हणून विजा सुरू झाल्या की मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नका. वादळ थांबल्यावर बॅटरी घेऊन लगेच शेतात पाहायला जाण्याची घाई अनेकांना होते. अंधारात तुटलेली तार दिसत नाही. ओल्या जमिनीत तिचा प्रवाह उतरतो. उजाडेपर्यंत थांबा. काही कमी-जास्त झाले तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

एक फोन रात्रभर जागा ठेवा. घरातले सगळे फोन आवाज बंद करून ठेवले तर इशारा कोणासाठी येतो? वाडीत पाच-सहा घरांनी पाळी लावली तरी चालते. ज्याची पाळी त्याने फोन भरून, आवाज मोठा करून उशाशी ठेवावा. नारिंगी किंवा लाल आला तर दारे वाजवावीत. देवळाचा किंवा मशिदीचा कर्णा असेल तर त्यावरून सांगावे.

आता ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. आपल्या तालुक्यातून दर वर्षी कितीतरी जोड्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात. तिथे बांबू, पाचट आणि ताडपत्रीच्या कोपीत राहतात. कोपीला वारा चाळीसचाही पुष्कळ होतो. हंगाम लांबला की मार्च-एप्रिलची वादळे तिथेच गाठतात. जोड्या सांगलीला किंवा कोल्हापूरला असतात आणि फोनमध्ये बीडचा रंग बघत बसतात, असे होऊ देऊ नका. कारखाना ज्या जिल्ह्यात तोच जिल्हा फोनमध्ये घाला. फड हलला आणि जिल्हा बदलला तर तोही बदला. टोळी उतरेल त्या पहिल्याच दिवशी मुकादमाने जवळची पक्की इमारत पाहून ठेवावी. शाळा असो, समाजमंदिर असो, कारखान्याचे गोदाम असो. तिची किल्ली कोणाकडे असते, हेही विचारून घ्यावे.